‘सगळी आपलीच माणसं आहेत’ : विचार जुळणारे शेजारी शोधून देणाऱ्या एजंटची सेवा

गोरेगाव स्टेशनजवळ दोन भाऊ घरभाड्याची एजन्सी चालवतात. गेल्या सव्वा वर्षात आम्ही त्यांची सेवा तीन वेळा घेतली: एकदा स्वतःसाठी, एकदा मुलीसाठी आणि अलीकडे कराराच्या नूतनीकरणासाठी. घरे दाखवणे, मालकाशी बोलणी, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी, पोलीस पडताळणी ही नेहमीची कामे ते करतातच. त्यापलीकडे ते आणखी एक गोष्ट देतात, ती दरपत्रकात नसते आणि तिच्याविषयीच मला लिहायचे आहे. आपल्या राजकीय विचारांची माणसे राहतात अशी इमारत ते शोधून देतात. लिहिण्यात तक्रारीचा भाग आहे आणि हे काम करणारे ते एकटेच नाहीत, म्हणून एजन्सीचे नाव देत नाही.

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि निदान तीन वर्षांसाठी बाहेर राहणे भाग पडले. भाडे आणि एका महिन्याची दलाली डेव्हलपर देणार होता, त्यामुळे पैशांची ओढाताण नव्हती. ओढाताण मनाची होती. मी बँकेतून निवृत्त झालो, उमेदीची वर्षे युनियनच्या कामात गेली. वडील गिरणीत होते. घरात ‘साधना’ हे समाजवादी विचारांचे साप्ताहिक माझ्या लहानपणापासून येते. जुन्या इमारतीत आमच्या मताची दोन-तीनच घरे होती आणि २०१९ नंतर प्रत्येक निवडणुकीला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाले, ते वाद या शब्दात बसणारे नव्हते. माझ्या पत्नीने एका मोर्चाचा फोटो टाकला तेव्हा तिच्याविषयी जे लिहिले गेले, ते तिने मला महिनाभर दाखवलेसुद्धा नाही. म्हणून एजंटने किती खोल्या, लिफ्ट हवी का, मासे-मटण चालते ना, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर ‘काकू, वातावरण कसं हवं?’ असे विचारले, तेव्हा तिने सरळ सांगितले की आम्हाला आमच्या विचारांची माणसे हवीत, बाकी खोली लहान असली तरी चालेल.

यानंतर त्या धाकट्या भावाने जे काम केले त्याला मी मनापासून दाद देतो. तो आम्हाला घर दाखवायला संध्याकाळी न नेता सकाळी पावणेसातला घेऊन गेला. लिफ्ट न वापरता सातव्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरत त्याने प्रत्येक दाराच्या जाळीत खोचलेले वर्तमानपत्र दाखवले. दुधाच्या पिशव्या, चपलांचे रॅक, दारावरच्या पाट्या आणि त्या घडी घातलेल्या पेपरांचे मथळे पाहत आम्ही उतरत होतो आणि तो हलक्या आवाजात माहिती देत होता: या घरातले शिक्षक संघटनेत होते, त्या घरातल्या बाई ग्राहक पंचायतीचे काम करतात. खाली आल्यावर त्याने आवारातले बाकडे दाखवले. ते कोणाच्या निधीतून बसवले हे त्याच्या पाठीवर रंगवलेले असते. दिवाळीत कोणत्या पक्षाचे कार्यकर्ते उटण्याची पाकिटे वाटायला येतात आणि त्यांना वरपर्यंत सोडतात की वॉचमनकडेच पाकिटे ठेवून घेतात, हेही त्याला ठाऊक होते.

शेवटी त्याने मोबाइलवर फॉर्म २० उघडून दाखवला. मतमोजणीनंतर निवडणूक अधिकारी हा तक्ता तयार करतात, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याचे आकडे असतात आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात, म्हणजे त्यात आजूबाजूच्या पाच-सात इमारती येतात आणि एका इमारतीविषयी त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. मात्र मोठ्या गृहसंकुलाच्या आवारातच केंद्र असेल तर तो तक्ता त्या संकुलाचा कौलच सांगतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे गोरेगाव आणि दिंडोशी या लगतच्या दोन मतदारसंघांचे आकडे या मुलाने केंद्रवार उतरवून ठेवले आहेत. इतकी मेहनत पक्षाचे कार्यकर्तेही क्वचितच घेत असतील.

कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळू नये, म्हणून मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. मतदान यंत्रे आल्यावर ती सोय संपली. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली, विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला, पण केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. ही चर्चा होती ती निवडून आलेला उमेदवार विरोधात गेलेल्या वस्तीवर सूड उगवेल या भीतीपोटी. तोच तक्ता आपण शेजारी निवडण्यासाठी वापरू, याचा विचार त्यात कोणी केला असेल असे मला वाटत नाही, आणि तो वापरणाऱ्यांत मी होतो, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

एका पेशाच्या किंवा एका समाजाच्या लोकांनी एकत्र राहण्याची पद्धत मुंबईत जुनी आहे. वांद्रे पूर्वेला साहित्यिकांचे साहित्य सहवास आहे, त्याच भागात कलावंतांसाठी वसलेले कलानगर आहे. पारशी समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा उपनियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. दुसरीकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ सांगते की पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही. पक्षाच्या नावाने उपनियम करणारी सोसायटी मला माहीत नाही. तशी गरजही पडत नाही, कारण ‘काका, सगळी आपलीच माणसं आहेत’ एवढ्या एका वाक्यात एजंट ते काम करून टाकतो.

याच मुलाने आम्हाला दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यातही एक घर दाखवले होते. मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने दीर्घ लढा देऊन, सामान्य उत्पन्नाच्या माणसांसाठी उभी केलेली ती सुमारे सहा हजार घरांची वसाहत. समाजवादी चळवळीने बांधलेली ही घरे विचारांच्या कसोटीवर दिलेली नव्हती, गरजेच्या कसोटीवर दिलेली होती. त्यामुळे तिथे सर्व पक्षांची माणसे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. दिंडोशी मतदारसंघाने २०१४ पासून सलग तीनदा शिवसेनेचे सुनील प्रभू निवडून दिले, शेवटच्या वेळी ठाकरे गटाकडून. एजंट मुलाने मात्र घर दाखवण्यापूर्वीच इशारा दिला: ‘इथे मिक्स आहे, काका.’ भाडे पाच हजारांनी कमी होते, हवा खेळती होती, आणि आम्ही त्या एका शब्दावर परत फिरलो.

आम्ही घेतलेल्या इमारतीत पहिले तीन-चार महिने मला खरोखर सुखाचे गेले. लिफ्टमध्ये कोणी भेटले तर पोटात गोळा येत नसे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर पुस्तकावर चर्चा होते, तिथे माझ्या पत्नीने पहिल्यांदा चार लोकांसमोर स्वतःचे टिपण वाचले. या गोष्टीची किंमत मी कमी लेखत नाही. जुन्या इमारतीत ती सर्वसाधारण सभेलाही यायची बंद झाली होती.

पाचव्या महिन्यात सूचना फलकावर ठराव लागला की घरकामाला येणाऱ्या महिलांनी कृपया मागची सेवा लिफ्ट वापरावी. घरेलू कामगारांच्या मागण्यांवर सह्या गोळा करणारी माणसे या इमारतीत राहतात, त्यांतल्या दोघांच्या सह्या त्या ठरावाखालीही होत्या. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचे गुडघे दुखतात आणि ती लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद असते. मी भाडेकरू, सभेत मला मत नाही, म्हणून सेक्रेटरींना जाऊन भेटलो. त्यांनी चहा दिला, माझे म्हणणे पूर्ण ऐकले, तत्त्वतः ते बरोबर असल्याचे सांगितले, आणि ठराव आजही तिथेच आहे. जुन्या इमारतीत हाच ठराव आला असता तर आम्ही तीन घरे तावातावाने उभी राहिलो असतो, कारण समोरचे विरोधक आहेत हे आम्हाला ठाऊक होते. इथे प्रत्येकाला वाटते की आपण सगळे मुळात योग्य बाजूचेच आहोत, त्यामुळे उभे राहायचे कोणासमोर हेच कोणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या वागण्याची आहे आणि ती मला अधिक बोचली. गच्चीवरच्या चर्चेत १९८२ च्या गिरणी संपाविषयी बोलताना मी संपावर गेलेल्या कामगारांचा आकडा साडेतीन लाख सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात मी तोच आकडा पुन्हा सांगितला आणि पुन्हा माना डोलल्या. नंतर जुन्या इमारतीतल्या शेजाऱ्याशी फोनवर बोलताना तिसऱ्यांदा तो तोंडून गेला. हा गृहस्थ माझ्याशी वीस वर्षे भांडला, आता कांदिवलीला भाड्याने राहतो. तो तिथल्या तिथे म्हणाला, ‘अडीच लाख. तुझ्या वडिलांचा संप आहे, निदान तो तरी नीट सांग.’ त्याचे बरोबर होते. आपल्या बाजूला सोयीची चूक आपल्या माणसांत पकडली जात नाही. त्याच्याशी वाद घालायचा म्हणून मी पूर्वी रात्री आकडे तपासत बसत असे, ती सवय अकरा महिन्यांत सुटली होती.

एवढ्यावर मी या सेवेविषयी प्रतिकूल मत दिले असते, पण मधल्या काळात मुलीने घर शोधायला घेतले. तिचा नवरा मुसलमान आहे. दोघांचे पगार चांगले, कागदपत्रे चोख, तरी दोन महिन्यांत सात ठिकाणी गोष्ट टोकनपर्यंत येऊन जावयाचे नाव कळताच थांबली. कधी मालकाचा विचार बदलला, कधी सोसायटी एनओसी देत नाही असे कळले. खासगी मालकाने अशा कारणाने घर नाकारले तर थेट दाद मागता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. मी तिला याच भावांकडे पाठवले. थोरल्याने घर दाखवण्याआधी प्रत्येक मालकाला आणि सेक्रेटरीला फोन करून दोघांची पूर्ण नावे सांगितली, ज्यांनी आढेवेढे घेतले ती घरे यादीतून काढली आणि उरलेली तीनच दाखवली. तिन्हींपैकी कुठेही तिला दारातून परतावे लागले नाही. दारावर आज दोघांची नावे आहेत आणि समोरच्या आजी ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचे भांडे परत करताना त्यात नारळाच्या वड्या घालून देतात. माझ्यासाठी विचार जुळणारे शेजारी ही मनःशांतीची सोय होती, मुलीसाठी तो घर मिळण्याचा एकमेव मार्ग होता. एजंटचा प्रश्न दोघांना सारखाच होता, पण त्याचे वजन सारखे नव्हते.

म्हणून ज्यांना नावामुळे, जातीमुळे, एकटेपणामुळे किंवा लग्नामुळे दारे बंद होतात, त्यांनी या एजन्सीकडे जरूर जावे आणि मोकळेपणाने सर्व सांगावे. तिथे त्यांची एका महिन्याची दलाली सार्थकी लागेल. ज्यांना माझ्यासारखा केवळ वादाचा कंटाळा आला आहे, त्यांनी नागरी निवाऱ्यातल्या त्या घरासारखे घर निदान दोनदा पाहावे. तक्रार माझी एकच आहे: फॉर्म २० दाखवताना तो आकडा पाच-सात इमारतींचा असतो हे धाकट्या भावाने स्वतःहून सांगितले नाही, मी विचारल्यावर सांगितले.

अकरा महिने संपले तेव्हा मी घर बदलावे असे सुचवले. पत्नीने ठाम नकार दिला. ती म्हणाली, ‘तुम्हाला आकडा चुकल्याचं दुःख आहे. मला त्या ग्रुपवर जे लिहिलं होतं, ते तुम्हाला कोणी लिहिलं नव्हतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला. भाडे पाच टक्क्यांनी वाढले, नूतनीकरणासाठी एजन्सीने अर्ध्या महिन्याची दलाली घेतली, जी डेव्हलपर देत नाही आणि जी मला कामाच्या मानाने जास्त वाटते. दर गुरुवारी संध्याकाळी मी लोकलने कांदिवलीला जातो. या आठवड्यात सेवा लिफ्टचा ठराव बरोबर घेऊन जाणार आहे. तो शेजारी पूर्वी सोसायटीचा खजिनदार होता आणि असा ठराव उपनियमांत बसतो का, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते.