ईपॅड काही महिने वापरल्यावर: सॉफ्टवेअर चांगलं, पण एमबॉक्सवर डोळे झाकून विसंबू नका

ईपॅड म्हणजे जुने ईमेल तपासून, खाजगी ते वेगळे काढून जपून ठेवायचं सॉफ्टवेअर, अर्काइव्ह करणाऱ्यांना माहीत असेलच. स्टॅनफर्डचं, २०१५ पासून आहे, नंतर हार्वर्ड आणि मँचेस्टर युनिव्हर्सिटीही कामात आल्या, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. लिहायला बसलो कारण एका निवृत्त सरांचा मेलबॉक्स, म्हणजे आउटलुकची पीएसटी फाइल, आम्ही कन्व्हर्टरनं एमबॉक्स या साध्या टेक्स्ट प्रकारात बदलून ईपॅडमध्ये घातला आणि हिशेब जुळेना. मूळ फाइलपेक्षा मेल जास्त! कमी भरले असते तर समजू शकलो असतो, जास्तीचे आले कुठून?

ज्या कंपनीचा हा कन्व्हर्टर पैसे मोजून घेतला होता त्यांचा सपोर्ट दरवेळी एकच सांगायचा, परत इन्स्टॉल करा. एवढे पैसे घेऊन हे उत्तर, फार चीड आली.

शेवटी मार्ग निघाला आमच्या ऑनलाइन गटातून. एक जण मँचेस्टरला, एक जण व्हँकुव्हरला, मी पुण्यात. सरांचे खाजगी मेल बाहेर पाठवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिघांनी एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीचे मेल घेतले, २००३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा नियामकानं चौकशीत खुले केलेले, जवळपास ५ लाख. तेच मेल तिघांनी वेगवेगळ्या कन्व्हर्टरमधून काढले आणि आकडे पडताळले. (दाभोळ सर्च करून बघा, आपला गुहागरचा एन्रॉनचा वीजप्रकल्प त्या मेलमध्ये आहे, मी बराच वेळ तेच वाचत बसलो.) मी झोपायला जाताना फाइल टाकायची, सकाळी उठून बघावं तर व्हँकुव्हरवाल्यानं दोष शोधलेला.

दोष असा. एमबॉक्स म्हणजे सगळे मेल एकाखाली एक जोडलेली मोठी टेक्स्ट फाइल, आणि नवा मेल ओळखायची खूण म्हणजे 'फ्रॉम' आणि स्पेसनं सुरू होणारी ओळ. आता इंग्रजीत लिहिताना माणूस एखादा परिच्छेद फ्रॉमनं सुरू करणारच ना! सरांनी केला होता, तिथेच मेलचे दोन तुकडे झाले, दुसऱ्याला ना पाठवणारा ना तारीख. जुना उपाय म्हणजे अशा ओळीआधी > हे चिन्ह लावायचं. पण एमबॉक्सओ प्रकारात ते चिन्ह नंतर खात्रीनं काढता येत नाही, कारण ते लिहिणाऱ्यानंच टाइप केलं होतं का हे कळत नाही. एमबॉक्सआरडी या दुसऱ्या प्रकारात आधीच्या चिन्हापुढेही आणखी एक लावतात म्हणून मूळ मजकूर परत मिळतो. तुम्ही म्हणाल एका चिन्हाचं काय एवढं, पण त्या एका चिन्हानं चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बदलतो, डीकेआयएम (पाठवणाऱ्या सर्व्हरनं मेलला लावलेली डिजिटल) सही जुळत नाही, मग हा मेल जसाच्या तसा आहे असं आपण कुठल्या तोंडानं सांगणार?

देवनागरीतले मेल मात्र एकही फुटले नाहीत. ते आत बहुतेक बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबलमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून ठेवलेले असतात, दुसऱ्या प्रकारात एकटा 'अ' ९ अक्षरं घेतो, त्यामुळे फ्रॉमनं ओळ सुरू व्हायचा प्रश्न येत नाही.

ईपॅडबद्दलही आधी मी साशंक होतो. नावं ओळखायची सोय इंग्रजीवर बेतलेली, आणि सरांचं निम्मं लिखाण रोमन लिपीतल्या मराठीत. पण ज्या शब्दांवरून ते मेल शोधतं ती शब्दयादी आपली आपण भरता येते! तब्येत, पगार, कर्ज असे शब्द जितक्या स्पेलिंगनं लोक लिहितात तितक्यांनी भरले आणि खाजगी मेल पटापट वेगळे निघाले, हे हातानं करायला वर्ष गेलं असतं. आता कोणी विचारलं तर बिनधास्त घ्या म्हणतो, शिवाय फुकट.

कन्व्हर्टरचं लायसन्स आम्ही रिन्यू केलं नाही. पीएसटी आहे तशी जपायची, आधी तिचा चेकसम, मग पीएसटी उघडणाऱ्या रीडपीएसटी या फुकटच्या प्रोग्रामनं प्रत्येक मेलची वेगळी फाइल काढून मोजायची, आणि एमबॉक्स त्या आकड्याशी जुळला तरच ईपॅडमध्ये. राहिल्यात त्या युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमधल्या अटॅचमेंट, उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं. मूळ फाइलला हात न लावता त्यांची वाचता येईल अशी प्रत कोणी काढली असेल तर कृपया खाली लिहा.