एमएससाठी एमआरआय: शाहूपुरीतल्या एका सेंटरची सेवा कशी आहे?

मल्टिपल स्क्लेरोसिसचा (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा करणारा आजार) संशय असलेल्या पेशंटचा एमआरआय कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या या खासगी सेंटरवर उत्तम निघतो, पण तो नीट मागून घ्यावा लागतो. मशीन 1.5 टेस्लाचं आहे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). निदानासाठी तेवढं पुरतं. केवळ 3 टेस्लासाठी पुणे गाठायची गरज नाही.

खरा फरक पडतो चिठ्ठीवर. तिथे नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलेलं असेल तर नेहमीचा प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली पद्धत) लागतो, म्हणजे 5 मिमी जाडीचे आडवे छेद आणि मध्ये थोडी फट. एमएसचा डाग 3 मिमीचाही असतो, तो अशा छेदांत सहज निसटतो. 'एमएस प्रोटोकॉल, ब्रेन आणि स्पाइन, कॉन्ट्रास्टसह' असं लिहून आणलं (कॉन्ट्रास्ट म्हणजे ताजे डाग उजळवणारं इंजेक्शन) की टेक्निशियन 1 मिमीचा थ्रीडी फ्लेअर, म्हणजे डाग पांढरे उठवणारा स्कॅन, लावतात. इथे सेंटरला पैकीच्या पैकी. उभ्या, सॅजिटल छेदात व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) कडेपासून वर निघालेले लांबट पांढरे डाग, म्हणजे डॉसन्स फिंगर्स, अगदी स्वच्छ उठतात. आडव्या छेदात तेच गोल ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके मायग्रेन किंवा जुन्या बीपीच्या पेशंटमध्येही असतात. चुकीच्या निदानाची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) विचारतात, हे योग्यच. डोस किलोला 0.1 मिलीमोल, गॅडोटेरेट हे कॉन्ट्रास्ट औषध असेल तर 60 किलोच्या पेशंटला 12 मिली. इंजेक्शननंतर किमान 5 मिनिटं थांबायला हवं, कारण ताज्या डागात औषध हळूहळू झिरपतं. गर्दीच्या वेळी नेमकी हीच मिनिटं कापली जातात, ते खटकतं. मधल्या वेळात टी2 (ज्यात सगळे डाग पांढरे दिसतात) उरकून मग टी1 (ज्यात कॉन्ट्रास्ट घेतलेले डाग चमकतात) घेतला तर मशीनही अडून राहत नाही. ही घाई महागात पडते: काही डाग कॉन्ट्रास्ट घेतात आणि काही घेत नाहीत, असं एकाच स्कॅनमध्ये दिसलं तर एमएसच्या निदानासाठीच्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार आजार वेगवेगळ्या वेळी उठल्याचा पुरावा तिथेच मिळतो. स्टिरॉइडनंतर ही चमक कमी होते, म्हणून जमल्यास स्कॅन आधी करावा. मात्र दृष्टी झपाट्याने जात असेल तर स्कॅनसाठी उपचार अडवू नयेत.

ब्रेनसोबत स्वस्तात मिळणाऱ्या 'होल स्पाइन स्क्रीनिंग'वर भागवू नका. मज्जारज्जूतले बारीक डाग त्यात हुकतात. 3 मिमीचे सॅजिटल छेद आणि शंका वाटेल तिथे आडवे छेद हवेत. एमएसचा डाग सहसा दोन मणक्यांपेक्षा लांब नसतो. तीन किंवा जास्त मणके व्यापले असतील तर एनएमओचा (एमएससारखाच भासणारा पण वेगळा आजार) विचार करून रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-4 अँटिबॉडी तपासावी लागते.

सेंटरची कच्ची बाजू म्हणजे रिपोर्ट. 'काही टी2 डाग, डिमायलिनेशनची (नसांचं आवरण झिजण्याची) शक्यता' एवढ्यावर न्यूरॉलॉजिस्टला काहीच ठरवता येत नाही. व्हेंट्रिकलला लागून किती, कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) लागून किती, ब्रेनस्टेम-सेरेबेलममध्ये (मेंदूच्या खालच्या-मागच्या भागात) किती, मज्जारज्जूत किती, हे वेगवेगळं लिहून मागा. रेडिओलॉजिस्टकडे तसा आग्रह धरला की पुरवणी रिपोर्ट मिळतो, तोही विनातक्रार.

फिल्मसोबत डायकॉम सीडी (मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी) आठवणीने घ्या आणि पुढचा स्कॅन शक्यतो याच मशीनवर, याच सीक्वेन्सने (स्कॅनच्या याच प्रकारांनी) करा. नवा डाग जुन्याशी ताडून पाहायचा असतो. गडहिंग्लज किंवा सावंतवाडीहून येणार असाल तर फोनवरच 'एमएस प्रोटोकॉल, स्पाइनसह' असं सांगून मोठा स्लॉट घ्या, नाहीतर स्पाइन दुसऱ्या दिवसावर जातं.