कपाटातल्या बागेसाठी ग्रो लाइट: दिवाळी ते मृग, जळगावातला अनुभव

पहिल्यांदाच कपाटात बाग लावणार असाल आणि घर जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचं असेल, तर ग्रो लाइटचे, म्हणजे घरात रोपं वाढवायच्या दिव्याचे, वॅट बघण्याआधी तो किती तापेल याचा हिशोब करा. दिवाळीपासून मृगापर्यंत तीन प्रकारचे दिवे एकाच कपाटात वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. थंड हवेच्या गावात जो दिवा उत्तम ठरतो, तो आपल्याकडे मे महिन्यात रोपं भाजून काढतो.

आमची गॅलरी पश्चिमेची. फेब्रुवारी संपला की दुपारनंतर तिथे कुंडीला हात लावता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेला की कोथिंबीर, पालक, पुदिना यांचं नावच नको. बाजारात कोथिंबिरीची जुडी तेव्हाच सगळ्यात महाग आणि सगळ्यात मलूल असते. घरात तीन फूट रुंद, दीड फूट खोल असं जुनं सागवानी कपाट रिकामं होतं. त्याला आतून पांढरा डिस्टेंपर मारला, मागच्या फळीला वर एक आणि खाली एक भोक पाडलं, वरच्या भोकाला बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावला. सासूबाई मूळच्या अमळनेरच्या. रात्री फटीतून उजेड दिसला की विचारायच्या, "कपाटमा काय चाली ऱ्हायनं वं बाई?" आता मेथी खुडायला सगळ्यात आधी त्याच कपाट उघडतात. तसं दिव्याखाली रोप वाढवणं जळगावला नवीन नाही. केळीचं टिश्यू कल्चर इथे वर्षानुवर्षं चालतं, आणि त्या प्रयोगशाळांमध्ये बरण्यांतली रोपं मांडणीवर दिव्यांच्या उजेडातच वाढतात.

दिवे निवडताना मोठी अडचण माहितीची येते. इंटरनेटवर कपाटातल्या बागेबद्दल जे काही आहे, त्यातलं बरंचसं गांजा लावणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडं लावता येतात, जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन. तिथले लोक त्या झाडासाठी दिवे तपासतात आणि आकडे मांडतात, आणि दिवे बनवणारेही त्यांच्याकडे बघूनच दिवे बनवतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याप्रमाणे गांजाची लागवड हा गुन्हा आहे, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेतं उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा तो विषय आपल्या कपाटात येऊच द्यायचा नाही. पण त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलले, तर पालेभाजीसाठीही नुकसानच होतं. फुलोऱ्यातल्या गांजाला पानावर 600 ते 900 मायक्रोमोल (हे उजेडाचं माप, खाली सांगते) उजेड लागतो. मेथी, पालक, कोथिंबिरीला 150 ते 250 पुरतो. म्हणजे ते सांगतात त्या दिव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात आपलं काम होतं. दिव्यावर ‘वेज’ आणि ‘ब्लूम’ अशी दोन बटणं असतात, तीही त्या झाडाच्या वाढीच्या आणि फुलोऱ्याच्या टप्प्यांसाठी. पालेभाजीला फुलोरा आणायचाच नसतो, त्यामुळे त्या बटणासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

मायक्रोमोल म्हणजे पानावर दर सेकंदाला, दर चौरस मीटरला पडणाऱ्या उपयोगी प्रकाशकणांचं माप. उपयोगी म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश, झाडाला अन्न करायला तोच लागतो. मोजायचं खरं यंत्र महाग असतं. पण पांढऱ्या एलईडीखाली फोनमधल्या लक्समीटरवर काम भागतं. साधारण 65 ते 70 लक्स म्हणजे एक मायक्रोमोल धरायचा. चौदा हजार लक्स दिसले तर 200 मायक्रोमोल झाले. फोन झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, स्क्रीन दिव्याकडे करून धरायचा, आणि मधोमध एक, कोपऱ्यात एक असं वाचन घ्यायचं. कोपऱ्यात उजेड बराच कमी भरतो, म्हणून पुदिना कोपऱ्यात आणि मिरचीची रोपं मध्ये.

सुरुवात जांभळ्या दिव्याने झाली. लाल-निळे एलईडी, स्वस्त, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘1000 वॅट’. प्लगला वॅटमीटर लावला तर दिवा शंभरच्या आत वीज खात होता. हे फक्त याच दिव्याचं नाही, या बाजारात खोक्यावरचा आकडा जुन्या सोडियम दिव्यांशी बरोबरी दाखवण्यासाठी छापतात. त्याखाली रोपं वाढतात, हे मी नाकारणार नाही. मेथी आली, बरी आली. पण त्या उजेडात पान दिसत नाही. पिवळं पडलेलं आणि हिरवंगार पान दोन्ही सारखीच काळपट दिसतात. पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी बसलाय का, मावा लागलाय का, हे बघायला दर वेळी दिवा बंद करून टॉर्च लावावी लागते. ज्याला अजून रोपाची नजर यायची आहे, त्याने हा दिवा घेऊ नये, मग कितीही स्वस्त मिळो. शिवाय फोनचा लक्समीटर जांभळ्या उजेडात खरं सांगत नाही, म्हणजे मोजण्याचीही सोय जाते.

नंतर दोन फुटी, दहा वॅटच्या साध्या एलईडी पट्ट्या लावल्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात त्याच, 6500 केल्विनच्या, पांढऱ्याशुभ्र. एका कप्प्याला चार, म्हणजे 40 वॅट. पट्टीपासून रोपापर्यंत वीतभर अंतर ठेवलं की सात-आठ हजार लक्स मिळतात. वरच्या 150 मायक्रोमोलपेक्षा हे थोडं कमीच भरतं, तरी मायक्रोग्रीन (कोवळी असतानाच कापून खायची रोपं), मेथी आणि प्रो-ट्रेमधली (रोपं करायच्या खणाखणांच्या ट्रेमधली) लहान रोपं यांचं भागतं. उजेड लांबलचक पट्टीतून पसरतो, त्यामुळे कडेची रोपंही मधल्यांइतकीच सरळ उभी राहतात. पट्टी गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणायची, कुणाला मेल करायला नको, पार्सलची वाट बघायला नको. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे. उणीव एवढीच की तुळस आणि मिरची तीन-चार पानांच्या पुढे गेली की लांबट होऊ लागतात, दोन पेरांतलं अंतर वाढतं, खोड दोऱ्यासारखं राहतं. असं दिसलं की उजेड कमी पडतोय, खत घालून उपयोग नाही.

म्हणून तिसरा, पांढरा बोर्ड. सपाट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बारीक पांढरे डायोड, मध्ये थोडे लाल, वेगळा ड्रायव्हर (घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा डबा) आणि उजेड कमी-जास्त करायची गोल कळ. खरोखरचे 100 वॅट. चांगला बोर्ड एका ज्यूल विजेत अडीच मायक्रोमोलच्या आसपास उजेड देतो, साध्या पट्टीत हा आकडा दीडच्या घरात राहतो. खरेदी करताना बघायचा आकडा हाच, वॅट नव्हे. विकणाऱ्याकडे तो आकडा नसेल, किंवा विचारल्यावर तो पुन्हा वॅटच सांगत असेल, तर पुढचं दुकान बघा. आमच्या कपाटाला हा बोर्ड पूर्ण क्षमतेने कधीच लागला नाही. कळ निम्म्यावर ठेवली की मिरची आणि भरिताच्या वांग्याची रोपं आखूड, जाड खोडाची होतात. पूर्ण उघडली तर शेंड्याची पानं कडेने वर वळतात आणि फिकी पडतात.

आता उष्णतेकडे येते, कारण खान्देशात सगळं तिथेच ठरतं. एलईडी थंड असतो असं दुकानदार सांगतो. पण बंद कपाटात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. 100 वॅटचा दिवा म्हणजे कपाटात 100 वॅटचा हीटर. मेमध्ये दुपारी खोलीच 38-39 अंशांवर असते, त्यात दिवा लावला की कपाट चाळिशी ओलांडतं, आणि कोथिंबिरीचं बी अशा उन्हाळ्यात नीट उगवतच नाही. उपाय साधा आहे: झाडाचा दिवस रात्री करायचा. मार्चपासून आमचा दिवा रात्री आठला लागतो आणि सकाळी आठला बंद होतो. झाडाला किती तास उजेड आणि किती तास अंधार मिळतो याच्याशी मतलब, घड्याळात किती वाजले याच्याशी नाही. दुपारी दिवा बंद, दार किलकिलं, पंखा चालू. बोर्डाचा ड्रायव्हर तर मी कपाटाच्या बाहेर, वरच्या फळीवर ठेवलाय, तेवढीच आतली उष्णता कमी. ड्रायव्हर वेगळा काढता येतो का हे घेण्याआधी बघा, काही दिव्यांत तो बोर्डाला चिकटवलेलाच असतो. कूलर खोलीत असेल तर कपाट त्याच्या झोतात ठेवू नका. दमट हवेत प्रो-ट्रेमध्ये मर लागते, रोपं जमिनीलगत कुजून एका रात्रीत आडवी होतात. पाणी सकाळीच द्यायचं आणि पंखा रात्रभर चालू ठेवायचा, यावर मर आटोक्यात राहिली.

तासांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘18 तास दिवा’ हा सल्लाही गांजाच्या वाढीच्या टप्प्यातून आलेला आहे. कोथिंबीर मोठा दिवस आणि ऊन मिळालं की दांडा काढते आणि फुलावर येते. मी दोन कुंड्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून बघितल्या, 16 तासांच्या कप्प्यात दांडा आधी निघाला, 12 तासांच्या कप्प्यात पानं कितीतरी जास्त दिवस खुडता आली. मेथी, पालकालाही 12 ठीक. मिरची-वांग्याच्या रोपांना 14 ते 16 चालतात.

वेळ लावायला सुरुवातीला गोल, दात्यांचा टायमर होता. लाइट गेली की तो जागच्या जागी थांबतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, दोन तास गेली की टायमर दोन तास मागे, आणि आठवड्याभरात रात्रीचा दिवा भर दुपारी लागू लागतो. त्यामुळे आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्या. लाइट जाऊन आली तरी त्याची वेळ सुटत नाही. चार पट्ट्यांचे 40 वॅट घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतात, पण मी लावत नाही. एखाद-दोन तास अंधार पडला म्हणून मेथीचं काही बिघडत नाही, आणि त्या वेळी पंख्याची गरज माणसांना जास्त असते.

बिलाचं गणित सोपं आहे. 40 वॅट, 12 तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्याही आत, महिन्याला साधारण 14-15 युनिट. बोर्ड पूर्ण लावला तर 36. घराचा वापर आधीच 100 युनिटच्या काठावर असेल तर हे 36 युनिट वरच्या दरात जातात, तेव्हा उन्हाळ्यात कूलर आणि बोर्ड दोन्ही चालवण्याआधी मागचं बिल काढून बघा.

व्होल्टेजबद्दलही विचारून घ्या. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं. बोर्डाचा ड्रायव्हर 100 ते 277 व्होल्ट चालणारा आहे, त्याला काहीच झालं नाही. जांभळ्या दिव्यातल्या एका रांगेने मात्र एप्रिलमध्येच मान टाकली. विकणाऱ्याने वॉरंटी पावती असूनही दिवा परत पाठवायचा खर्च माझ्यावर टाकला, आणि तो खर्च दिव्याच्या किमतीच्या निम्मा होता. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग असलेला स्विचबोर्ड आणि घराला ईएलसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), हे तिन्ही नसेल तर पाण्याजवळ दिवा टांगू नये. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळ आला तरी थेंब झोळावरून खाली पडतो, प्लगात जात नाही.

तर फक्त पालेभाजी आणि मायक्रोग्रीन हवं असेल त्याने चार साध्या पट्ट्या, डिजिटल टायमर आणि एक पंखा घ्यावा, दीड-दोन हजारांत काम होतं. ज्याला मृगाच्या लावणीसाठी मिरची, वांगं, टोमॅटोची रोपं घरीच करायची आहेत, त्याने कळ असलेला पांढरा बोर्ड घ्यावा. मला तो साधारण साडेसहा हजारांना पडला. आमच्याकडे या वेळी भरिताच्या वांग्याची दोन ट्रे रोपं त्याखाली तयार झाली, आणि मळ्यावर भाऊंनी ती नेऊन लावलीसुद्धा.