सेकंड हँड प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी केबल लावून बघा, मग टोकन द्या

नवीन घ्यायची ऐपत नाही म्हणून जुनी प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि केबल लावून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली लक्झरी एसयूव्ही बघणारा माणूस मूर्ख नसतो हे आधीच सांगतो, कारण ऑफिसात आणि सोसायटीत सगळ्यांचा सूर तोच आहे. अंधेरीतला डीलर, चकाचक एसी शोरूम, गाडी ३६ लाख ५० हजार, मीटर ४१,३०० किमी. "दादा, डॉक्टरची गाडी आहे, नुसती क्लिनिकला जायची." ५१ हजार टोकन जीपेने, बाकीचे आरटीजीएस, आणि वर १ लाख २० हजार कॅश, का तर पेपर ट्रान्सफर आणि बॅटरीची वॉरंटी नावावर करायला. पावती? "अरे दादा, घरचीच गोष्ट आहे." कॅश मागितली की तिथूनच उठा.

आता जे आठवलं की डोकं फिरतं ते. टेस्ट ड्राइव्हला लिंक रोडवर मी स्वतः इलेक्ट्रिक मोडचं बटण दाबलं, गाडी शांत झाली, पुढच्या सिग्नलच्या आत इंजिन परत सुरू. विचारलं तर म्हणे एसी फुल आहे ना, आणि चार्ज पण केलेली नाहीये. मग केबल कुठाय? ती जुन्या मालकाच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर राहिली, कुरिअरने मागवतो. मे महिना होता, एसी खरंच फुल होता, आणि चार्ज संपला की प्लग-इन पेट्रोलवरच चालते, यात खोटं काय होतं? कुणाला संशय आला असता सांगा. बायको म्हणाली होती केबल आधी घे म्हणून, ते आता रोज ऐकतोय.

पैसे गेल्यावर केबल आली. पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली, वॉचमनपण कौतुकाने बघत उभा. साध्या सॉकेटवर अशी बॅटरी भरायला काही तास लागतात, ही पाऊण तासात फुल्ल, म्हणजे बॅटरीत दमच उरला नव्हता. स्क्रीनवर इलेक्ट्रिक रेंज ६ किमी! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने चासी नंबर टाकला तर जुन्या सर्व्हिसलाच १,१२,००० किमीची नोंद. मीटर मागे फिरवलाय म्हणून वॉरंटी बाद, नवीन बॅटरीचं कोटेशन ९ लाख ८० हजार. चासी नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी टोकनच्या आधी काढा, डीलरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नको.

पोलीस स्टेशनला साहेब म्हणतात, "गाडी मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ प्रिंट काढून नेलं, ते न वाचताच परत दिलं, वर "एवढी महाग गाडी घेता आणि बघून घेत नाही?" १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणे हे सायबरमध्ये बसत नाही. आरटीओत सांगितलं आम्ही फक्त ट्रान्सफर बघतो. अहो, जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं असा केंद्राचा नियम डिसेंबर २०२२ मध्ये आला, एप्रिल २०२३ पासून लागू आहे, याच्याकडे ते आहे का एवढं तरी बघा? खिडकीवरचा म्हणतो वर विचारा, वरचा म्हणतो खिडकीवर विचारा, आणि आपण हाफ डे टाकून जिने चढतोय. टॅक्स घेताना बरी खिडकी सापडते यांना!

डीलर आता फोनवर ॲग्रीमेंटमधली 'आहे त्या स्थितीत' ही ओळ वाचून दाखवतो. असली ओळ दिसली तर सही करू नका, किंवा मीटर आणि बॅटरीची हमी हाताने लिहून घ्या, शिक्क्यासकट.

ग्राहक आयोगात गेलोय, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगातच चालतो, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलाने सगळ्यात आधी मागितली ती सर्व्हिस सेंटरची सही-शिक्क्याची प्रिंट, आणि ती द्यायला सर्व्हिस सेंटरवाले आता टाळाटाळ करतायत, तेव्हा तुम्ही गेलात तर त्याच दिवशी हातात घेऊनच बाहेर पडा.