'फुल कॉपर' सांगून गळ्यात मारलेली ॲल्युमिनियमची वायर

नाशकात जुन्या गाडीचं वायरिंग घरच्या घरी नव्याने बांधायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी हे वाचा. नमुना एका बंडलातला दाखवायचा आणि माल दुसऱ्याच बंडलातला द्यायचा, असा धंदा चालू आहे. माझ्या बाबतीत तो उघडकीला आला तेव्हा अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींची बांधलेली जुडी, वरच्या विणलेल्या जाळीत बसून गाडीवर चढलेला होता.

गाडी म्हणजे वडिलांची महिंद्रा मेजर जीप. बॉनेटखालचं वायरिंग तसं मोजकंच: दोन हेडलाइट, हॉर्न, अल्टरनेटर, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरच्या वायरी. पण ज्याने त्याने जागा मिळेल तिथे जोड मारून ठेवलेले, आणि काळ्या टेपचा गोंद इंजिनाच्या उष्णतेने पाझरून सगळीकडे चिकचिकाट. जुना हार्नेस अख्खा काढला, फळीवर खिळे ठोकून त्यावर मांडला आणि प्रत्येक फाटा कुठे किती लांब जातो ते लिहून घेतलं. नवा त्याच खिळ्यांवर बांधायचा, वर काळी विणलेली स्लीव्ह, म्हणजे ती जाळी, चढवायची आणि टोकांना श्रिंक ट्यूब (उष्णतेने आवळणारी नळी), असा बेत होता.

माल शहरातल्याच एका दुकानातून घेतला. दुकानदाराने काउंटरवरच्या बंडलाचा तुकडा कापून हातात दिला. मी ब्लेडने तार खरवडली, आत लालच निघाली. स्लीव्हचा तुकडा त्याने स्वतः लायटरवर धरला, ज्योत बाजूला केली तशी आग विझली. मग पोराला हाक मारून आतल्या गोडाऊनमधून 'सेम माल' आणायला सांगितलं. बंडलं चिकटपट्टी मारलेल्या पिशवीत आली. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "भाऊ, पक्कं पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील. तुमच्यासाठी कच्चं करतो." फसवणुकीची खरी गाठ इथे आहे. कागद नाही म्हणजे आतून काय आलं याला पुरावाच नाही.

काम मात्र मनापासून केलं. जाडीप्रमाणे वायरी लावल्या, फाटे दोऱ्याने बांधले, स्लीव्ह दोन्ही टोकांनी दाबून फुगवत वेणीसारखी घट्ट बसवली. गाडीवर चढवल्यावर वडिलांनी दोनदा बॉनेट उघडून पाहिलं.

पहिल्या पावसात त्र्यंबकेश्वरहून रात्री परतताना हेडलाइट पिवळट पडले आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. घरी येऊन बल्बचा डावा होल्डर काढला तर तो एका बाजूने वितळलेला. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, होल्डरवर जेमतेम ११.५. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर, तेवढ्याला १.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर त्या लांबीत इतकी मार खात नाही.

नाशकातल्याच द्वारका भागात एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी एक तार सुटी करून लायटरवर धरली. तांब्याची तार लालबुंद होते आणि तशीच राहते. ही वाकली आणि टोकाला गोळी झाली. दुसरी तार ब्लेडने खरवडून त्यांनी माझ्यासमोर धरली: वरचा लाल पापुद्रा निघाला, आत पांढरी. "अरे, हे तर सोनं चढवलेलं पितळ," एवढंच बोलले. वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम होतं ते. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. शिवाय लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्यात) दाबलेलं ॲल्युमिनियम तापून-निवून हळूहळू दबतं, पकड सैल होते, पावसाची ओल लागली की जोड गंजतो, आणि सैल जोडच सगळ्यात जास्त तापतो. बाकीचा हार्नेस दिसायला सुंदरच होता. जाळीच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, म्हणून या कामात असला माल जास्त घातक. स्लीव्हही नमुन्यातली नव्हतीच: लायटर बाजूला केला तरी जळत राहिली आणि थेंब थेंब गळली.

कल्हई केलेली तांब्याची वायर वरून पांढरी आणि आतून लाल असते, ती चांगलीच. वरून लाल आणि आत पांढरी निघाली की सोडून द्या. वजनाने तर ही चोरी काट्यावरच पकडता येते. दीड स्क्वेअरच्या १० मीटर वायरीत नुसतं तांबं साधारण १३५ ग्रॅम भरतं, मुलाम्याच्या वायरीत धातू ५०-५५ ग्रॅमच्या आसपास. शंभर मीटरचं पूर्ण बंडल असेल तर दोन टोकांत मीटरवर १.२ ओहमच्या आसपास यायला हवं (मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करून). दोनच्या जवळ गेलं की संशय घ्या. आणि या सगळ्या चाचण्या पिशवीतून निघालेल्या बंडलावर करा, काउंटरवरच्या तुकड्यावर नाही.

परत गेलो तर दुकानदार ओळखही देईना. "कापलेला माल परत होत नाही, आणि आमचाच कशावरून?" माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवर त्याने दरासोबत लिहिलेलं 'फुल कॉपर, फायरप्रूफ जाळी'. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करता येतो, हे त्याला लेखी कळवलं. मग वायरीचे पैसे आले. स्लीव्ह, लग, श्रिंक ट्यूब आणि होल्डरचे आले नाहीत, ते मी अजून सोडलेले नाहीत.

नवा हार्नेस त्याच फळीवर पुन्हा बांधला, पक्क्या बिलाच्या मालाने, हेडलाइटला रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावून. आता होल्डरवर १३ च्या वर मिळतात. तुम्ही अलीकडे अशी खुली वायर बिलाशिवाय घेतली असेल, तर आज रात्री हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि लगेच होल्डरच्या मागच्या वायरींना हात लावून पाहा. वायर चटका देत असेल, तर टोकाची तार खरवडून बघेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.