‘ट्रेनिंग फुकट’ म्हणणाऱ्या फ्रँचायझीचं बिल

फ्रँचायझी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाने दुकान चालवायचा हक्क, घेताना माहितीपत्रकात ‘स्टाफ ट्रेनिंग कंपनीकडून’ एवढं वाचून सही केली की फसवणुकीचं अर्धं काम झालं. करारनाम्याच्या शेवटच्या परिशिष्टात तीच गोष्ट वेगळी असते: ट्रेनिंग कंपनी देईल, खर्च फ्रँचायझी घेणाऱ्याचा. वर आणखी एक कलम, की या करारापूर्वीची सगळी आश्वासनं रद्द. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळे खर्च आधी उघड करायची सक्तीही नाही. चालतो तो १८७२ चा करार कायदा. खोटं सांगून सही घेतली असेल तर त्या कायद्याने करार रद्द करून घेता येतो, पण खोटं सांगितल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.

फुकट असते ती फक्त ट्रेनरची फी. म्हापशात कॉफीचं दुकान काढायचं धरा. सहा पोरं १५ दिवस पुण्याला. पगार १६,००० धरला तर अर्ध्या महिन्याचे ४८,०००. खोली-जेवण माणशी रोज ६०० म्हणजे ५४,०००. बसचं जाणं-येणं १२,०००. मग उद्घाटनाला कंपनीचे दोन ट्रेनर १० दिवस गोव्यात: विमान २०,०००, खोली ४०,०००, भत्ता २०,०००. हे ८०,००० कंपनी स्वतःच्या बिलात घालते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावते, म्हणजे आणखी १४,४००. तुमचं दुकान ५ टक्क्यांच्या रेस्टॉरंट दरात असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करणं) मिळत नाही. एकूण झाले २,०८,४००, आणि दुकानाचं भाडं यात धरलेलंच नाही. ट्रेनर डिसेंबरात आले तर खोलीचा हिशेब विचारूच नका. हॉटेल आणि तिकीट तुम्हीच थेट काढा. कंपनीच्या बिलातला १८ टक्क्यांचा थर वाचतो आणि खोली कोणत्या दराची घ्यायची तेही तुमच्या हातात राहतं.

पण खरी मेख पुढे आहे. गोव्यात हॉटेल लाइनची पोरं हंगामावर येतात आणि मे-जूनमध्ये गावी जातात; परत तीच येतील याचा भरवसा नाही. करारात लिहिलेलं असतं की काउंटरवर फक्त ‘सर्टिफाइड’ माणूस उभा राहील आणि नव्या माणसाचं ट्रेनिंग माणशी दराने होईल. हा दर बहुतेक वेळा कोराच असतो: ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे’. म्हणजे दर ऑक्टोबरला नवं बिल. ते भरलं नाही तर कराराचा भंग, आणि भंग झाला की डिपॉझिट जप्त. सही करण्याआधी इथे आकडा लिहून घ्या, वर्षाला किमान दोन माणसं फुकट हे टाकून घ्या, आणि तुमच्या जुन्या माणसाने नव्याला शिकवलं तर चालेल अशी ओळ घाला. शेवटच्या मागणीला कंपनी नाही म्हणाली, तर तिचा धंदा कॉफीचा आहे की ट्रेनिंगचा ते कळतं.

दुसरा फास तारखेचा. नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा परवाना, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, विजेचं वाढीव कनेक्शन यातलं काहीच हातात नसताना पोरांना ट्रेनिंगला बोलावतात. दुकान दोन महिने रखडतं, शिकलेली पोरं दुसरीकडे लागतात, दुसऱ्या तुकडीचे पैसे पुन्हा. परवाने हातात आल्यावरच, उद्घाटनाच्या आधी २० दिवसांच्या आत ट्रेनिंग, असं करारातच असू द्या.

‘एफएसएसएआयचं ट्रेनिंग सक्तीचं’ म्हणून सहाही जणांचे पैसे उकळतात, हाही एक प्रकार. प्रत्यक्षात २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो, आणि त्याचं फोस्टॅक (एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा प्रशिक्षण कार्यक्रम) सर्टिफिकेट एफएसएसएआयच्या यादीतल्या संस्थेकडून मिळतं. कंपनीच्या लोगोचा कागद तिथे चालत नाही.

मशीन आणि कपांच्या डिलिव्हरी चलनांबरोबर एक कागद सहीला येतो: ‘ट्रेनिंग पूर्ण व समाधानकारक’. तारीख कोरी. उद्घाटनाच्या गडबडीत मालक शिक्का मारून मोकळा होतो, आणि ट्रेनर १० ऐवजी चार दिवसांत निघून गेले तरी तक्रारीला जागा राहत नाही. त्याच कागदावर पेनने तारीख, ट्रेनरची नावं, प्रत्यक्ष दिवस आणि न शिकवलेल्या गोष्टी लिहा, मगच सही. फोटो काढून लगेच कंपनीला ईमेल करा.

पैसे अडकलेच तर पोलीस बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण’ म्हणून परत पाठवतात. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, पण सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून हरकत येते. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेलं दुकान असेल तर थोडी वाट असते. राहतो लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर तंट्याचा निकाल देणारा. तो कुठे बसणार ते करारात बघा. दिल्ली लिहिलं असेल तर दोन लाखांसाठी कोणी तिथे जात नाही, आणि ते कंपनीला पक्कं ठाऊक असतं. जागा पणजी करून मागा. लवाद एकट्या कंपनीने नेमायचा असं कलम असेल तर २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते टिकत नाही, हेही त्यांना ऐकवा.