दीड वर्षानंतर: लॅपटॉप ठीक, पण त्या रबरी पट्टीला माफी नाही

कोअर आय-फाइव्ह, १६ जीबी, पंधरा इंची स्क्रीन वगैरे सगळं विकणाऱ्यांनी लिहिलेलंच आहे, ते पुन्हा नको. वॉरंटी होती तोवर तक्रारीला जागा नव्हती. ती संपली, वर ऑक्टोबर हीट आली, आणि हा भर कामात फटकन बंद पडायला लागला. ना निळी स्क्रीन, ना काही सूचना. एक्सेल सेव्ह केलेली असेल तर नशीब.

बॅटरीवर संशय होता, पण चार्जर लावलेला असतानाही तेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं म्हणून पॉवर सप्लाय बदलायला धावू नका. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही. खरा उपयोग झाला एचडब्ल्यूइन्फोचा, म्हणजे आतलं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा. फुकट आहे. त्यातलं लॉगिंग चालू ठेवलं की बंद पडण्याआधीचे आकडे फाइलमध्ये सापडतात. व्हिडिओ कॉल सुरू झाला की प्रोसेसरचं तापमान ९७-९८ अंशांवर ठाण मांडायचं. या प्रोसेसरची मर्यादा १००. तिथे पोचला की आधी तो स्वतःचा वेग उतरवतो, तरीही नाही भागलं तर जीव वाचवायला सरळ बंद होतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मशीन न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं निदान केलं. १८,५०० अधिक जीएसटी. उघडून तरी बघा म्हटलं तर, “सर, खोलने का अलग चार्ज है.” लॅपटॉप उचलला आणि थेट ग्रँट रोडची लोकल पकडली.

तिथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, दुरुस्तीवाल्या मुलाने खालचे स्क्रू काढले, तरी झाकण हलेना. कारण उरलेले दोन स्क्रू मागच्या लांब रबरी पट्टीखाली, आणि पट्टी चिकटवलेली! पंखा साफ करणं हे काही हृदयाचं ऑपरेशन नाही. मग ते स्क्रू लपवायचे कशाला? एकदा सोललेली पट्टी परत धड बसत नाही. माझी टेबलावर सरकते, एका टोकाला वर आलेली असते, आणि दर वेळी तिच्याकडे बघून माझं डोकं लॅपटॉपपेक्षा जास्त तापतं. नवी पट्टी ऑनलाइन साडेतीनशेला, डिलिव्हरी वेगळी. रबराला!

आत मदरबोर्ड ठणठणीत होता. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध धुळीची जाड गोधडी बसली होती. आमचं वन रूम किचन, खिडकीसमोर इमारतीचं काम, त्यात फोडणीचा तेलकट धूर आणि इथली दमट हवा. धूळ चिकटणारच. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्टही वाळून पापडी धरलेली. सफाई आणि नव्या पेस्टचे मिळून ७०० रुपये. ब्लोअर मारताना त्याने पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं. मोकळं सोडलं तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं म्हणे.

तेव्हापासून तोच व्हिडिओ कॉल ७८-८० अंशांत निभतो, आणि एकदाही बंद पडलेला नाही. त्यामुळे रागाच्या भरात दिलेला एक तारा मागे घेतो. मेहुण्यांनी आणलेल्या कूलिंग पॅडने मात्र आधी जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडला होता. आतली वाट तुंबलेली असेल तर खालून वारा घालून काय होणार?

लगेच लॅमिंग्टन रोड गाठणं जमत नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाची धाव, बंद होतो, वेग थोडा घटतो, पण तापमान बरंच उतरतं. काही मशीनमध्ये हा पर्याय दिसत नाही, माझ्यात होता. गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या दबतात.

आता साडेतीन तारे. पट्टी फेव्हिक्विकने चिकटवायचा मोह होतो, पण मग पुढच्या सफाईला ती फाडावीच लागेल. सध्या डबल टेपवर चाललंय.